अकरा मिनिटांचा हिशेब

मराठी भाषेत वाऱ्याला फार मान आहे. एखादा माणूस आपल्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, दुसऱ्याची वाऱ्यावरची वरात निघते, तिसऱ्याला नातेवाईक वाऱ्यावर सोडतात, आणि चौथा शहाणा वारा येईल तशी पाठ देतो. जळगावच्या एका कॉलेजात गेली अठरा वर्षे मी हे वाक्प्रचार मुलांना शिकवीत आलो आहे. परंतु वारा ही नुसती बोलण्यापुरती चीज नाही. त्याचा भार मोजता येतो, त्याचा भाव काढता येतो आणि त्या भावावरून एका सुखी संसारात आठ दिवस अबोला नांदू शकतो, हे मला अलीकडेच कळले. कारण झाले आमचे पदार्थविज्ञानाचे सहकारी आणि त्यांना हवी असलेली सायकल.

प्राध्यापकांचे वय सत्तेचाळीस. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ‘साखर कुंपणावर येऊन बसली आहे’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी एक गिअरची सायकल घेतली. पहाटे उठायचे, गिरणेचा पूल ओलांडून बांभोरी, तिथून पाळधी, आणि अंगात रग असेल त्या दिवशी थेट एरंडोल गाठून कॉलेजच्या वेळेला परत, असा त्यांचा क्रम सुरू झाला. साखर कुंपणावरून मुकाट्याने खाली उतरली. एखाद्या समंजस माणसाने इथे देवाचे आभार मानून विषय संपवला असता. पण व्यायामाला एक खोड असते; काही दिवसांनी तो माणसाच्या हातात घड्याळ देतो. गोव्यात पणजीला २०१९ साली पहिल्यांदा झालेल्या ‘आयर्नमॅन’च्या अर्ध्या शर्यतीची हकीकत प्राध्यापकांच्या कानी आली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावायचे, असा तो त्रिवेणी संगम आहे. त्यात डुबकी मारायला बँकेतले अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर अशी तुमच्याआमच्यासारखी माणसे जातात. दोन वर्षांपूर्वी प्राध्यापकही गेले. पोहले, सायकलवर बसले, आणि सायकलचा टप्पा ठरल्या वेळेपेक्षा अकरा मिनिटे उशिरा त्यांनी संपवला. वेळ टळली की पुढे धावू देत नाहीत. पायांत ताकद शिल्लक असताना ते एका झाडाखाली बसून इतरांचे धावणे पाहत राहिले. जळगावला परत आले ते गप्प होऊनच.

तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात टाइम ट्रायलची सायकल येऊ लागली. टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत. स्वाराने एकट्याने पळायचे, कुणाच्या आडोशाला लपायचे नाही. तिच्यासाठी केलेल्या सायकलीच्या नळ्या गोल नसतात, माशाच्या अंगासारख्या चपट्या असतात. मागचे चाक कधी कधी आरे नसलेली सबंध तबकडीच असते. हँडलमधून बैलाच्या शिंगांसारख्या दोन दांड्या पुढे निघालेल्या असतात आणि त्यांच्या बुडाशी कोपरे टेकायला दोन लहान गाद्या. कोपरे गादीवर ठेवायची, हात पुढे जोडायचे, पाठ आडवी करायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की स्वार साष्टांग नमस्काराच्या तयारीत आहे. अशी सायकल दीड-दोन लाखांपासून सुरू होते आणि दहा लाखांपर्यंत सहज जाते. प्राध्यापकांची नजर साडेतीन लाखांच्या एका सायकलीवर होती. पैसे भविष्यनिर्वाह निधीतून काढायचे ठरले होते. हे ‘ठरले’ अर्थात एकट्यानेच. मुलगी बारावीला होती.

एका संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. चहा संपेपर्यंत त्या आमच्या सौभाग्यवतींशी लोणच्याबद्दल बोलत होत्या. मग कप खाली ठेवून मला म्हणाल्या, “भाऊ, मी यांना नको म्हणत नाही. ते गोव्याहून कसे परत आले ते मी पाहिलंय. पण साडेतीन लाखांत ती अकरा मिनिटं नक्की मिळतात का, एवढं तुम्ही विचारून द्या. मी विचारलं तर भांडण होतं.”

प्रश्न मला बिनतोड वाटला. दुकानदार हा प्रश्न स्वतः विचारत नाही आणि हौशी माणसाला तो विचारण्याचे धैर्य नसते.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी प्राध्यापकांना एका रिकाम्या वर्गात गाठले. त्यांना वाटले, मी गंमत करायला आलो आहे. पण हातात खडू आला की शिक्षकाचा राग टिकत नाही. त्यांनी सुरुवातच आमच्या खानदेशातून केली. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. तिथे वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाऱ्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. हाच नियम सायकलवाल्याला उलटा लागू होतो. वारा पडलेला असला तरी पुढे जाणारा माणूस स्वतःच वारा निर्माण करतो, आणि त्याला आपला वेग दुप्पट करायचा तर हवा बाजूला सारण्यासाठी आठपट ताकद लावावी लागते. सपाट रस्त्यावर ताशी सत्तावीस किलोमीटरने जाणाऱ्या माणसाच्या शंभरातल्या सत्तराहून अधिक श्रमांचा ग्राहक वारा असतो. उरलेले टायर खातात. आणि या वाऱ्याला आडवे येते ते मुख्यतः कोण? सायकल नव्हे. तीन हिस्से आपले शरीर आणि एखादा हिस्सा सायकल.

“म्हणजे साडेतीन लाखांची सायकल त्या एका हिश्श्याची?” मी विचारले.

“तसं नाही. ती शरीराला वाकवते.”

“मग वाकण्याचे पैसे वेगळे आणि सायकलीचे वेगळे, असे मांडून दाखवा.”

त्यांनी मांडले. स्वतःची ताकद त्यांनी १२० वॅट धरली. तीन-सव्वातीन तास एकसारखी टिकेल एवढी ती. म्हणजे साठीचे दोन दिवे. (सत्तेचाळीस वर्षांचा, दोन शोधनिबंध लिहिलेला, एका कुटुंबाचा पोशिंदा असा माणूस दोन दिव्यांएवढा, हे ऐकून मला गहिवरून आले.) माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो. रस्ता सपाट, वारा पडलेला. ९० किलोमीटरला साध्या गिअरच्या सायकलीवर, नेहमीच्या बैठकीत, ३ तास २० मिनिटे. त्याच सायकलीच्या हँडलवर त्या दोन दांड्या आणि गाद्या नुसत्या बसवून घेतल्या — त्या सुट्या मिळतात, काही हजारांत — आणि पाठ आडवी केली तर ३ तास ५ किंवा ६ मिनिटे. आणि ती साडेतीन लाखांची सायकल, चपट्या नळ्या, खास चाके, शेपटीचे शिरस्त्राण, अंगाला चिकटलेला पोशाख, सगळा साज चढवला तर ३ तास १ मिनिट.

फळ्यावरचे आकडे आम्ही दोघेही थोडा वेळ पाहत राहिलो. गणित त्यांचे होते, पण ते या क्रमाने त्यांनी आजवर मांडले नव्हते. चौदा मिनिटे काही हजारांत मिळत होती आणि पुढची चार साडेतीन लाखांत.

“हे सगळं अंदाजाचं आहे,” ते म्हणाले. “कोण किती वाकतो, त्यावर सगळं.”

ते खरेच आहे. म्हणूनच मला या विषयातला एक जुना प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. तासाभरात एकट्याने किती अंतर कापता येते, याचा जागतिक विक्रम असतो. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको शहरात ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला. सायकल साधी, वाकडे हँडल, गोल नळ्या. पुढे तबकडीची चाके आली, चमत्कारिक बैठका आल्या, आणि १९९६ साली इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने दोन्ही हात उडत्या मारुतीसारखे समोर ताणून तासात ५६.३७५ किलोमीटर कापले. तेव्हा सायकलच्या जागतिक संघटनेला प्रश्न पडला की हा विक्रम माणसाचा की सामानाचा? तिने नियम केला की मर्क्सच्या काळची सायकल आणि मर्क्सच्या काळची बैठक घेऊनच यापुढे मोजमाप होईल. त्या नियमाखाली २००० साली तोच बोर्डमन पुन्हा उतरला आणि त्याने ४९.४४१ किलोमीटर कापले. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त! अठ्ठावीस वर्षांची प्रगती एका बैठकखोलीच्या लांबीची. चार वर्षांत बोर्डमनचे वय वाढले होते हे धरले, तरी मधल्या सात किलोमीटरांचा मोठा वाटा बैठकीचा आणि सामानाचा होता, हे मान्य करावे लागते.

दुसरी गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. १९८९ च्या फ्रान्सच्या दौऱ्यात शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरची घड्याळाविरुद्धची शर्यत होती. लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलवर त्या नव्या दांड्या बसवल्या होत्या. फिन्यों साध्या हँडलवर, डोक्यावर काही न घालता, केसांची शेंडी वाऱ्यावर सोडून निघाला. लेमाँडने त्या एका टप्प्यात त्याच्यावर ५८ सेकंद मिळवले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. शेंडीची किंमत किती यावर पुढे पुष्कळ खल झाला. मला मात्र वाटते, शेंडीपेक्षा त्या दोन दांड्यांनीच काम केले.

वाचक म्हणतील, हे झाले वीरांचे. तुमच्या जळगावच्या प्राध्यापकांना त्याचे काय? सर्वसाधारण समजूत अशी आहे की वाऱ्याचे हे लाड वेगवान माणसांनी करावेत. हळू जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. मीही वहिनींना हेच सांगणार होतो. पण प्राध्यापकांनी फळा पुसून ४० किलोमीटरचे दुसरे गणित मांडले. तीनशे वॅटचा तरणाबांड शर्यतपटू साज चढवून ताशी चार किलोमीटरने वेगवान होतो. एकशेवीस वॅटचे गृहस्थ पावणेतीन किलोमीटरनेच. इथवर समजूत बरोबर. पण शर्यतपटू रस्त्यावर असतो तासभर, आणि गृहस्थ असतात दीड तास. वाऱ्याचा कर ते जास्त वेळ भरतात, म्हणून सूटही जास्त वेळ मिळते. हिशेब केला तर शर्यतपटूची सहा मिनिटे वाचतात आणि गृहस्थांची आठ. ज्याला बक्षीस मिळण्याची सुतराम शक्यता नाही त्याचीच मिनिटे जास्त वाचावीत, ही निसर्गाची थट्टा मला फार आवडली. आणि ज्याला बक्षीस नव्हे, फक्त वेळेच्या आत पोहोचायचे आहे, त्याच्या दृष्टीने तर ती थट्टाही नाही.

मी वहिनींना जाऊन आकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे चौदा मिनिटं मिळाली तर अकरा भागून तीन उरतात?” मी हो म्हणालो. “मग दांड्या घेऊ द्या,” त्या म्हणाल्या. अबोला त्या रात्री सुटला असावा, कारण दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या डब्यात शेवेची भाजी होती.

दांड्या आल्या. साडेचार हजार रुपये. त्यानंतर कळले ते असे की वाकणे ही वस्तू दुकानात मिळत नाही. पहिल्या आठवड्यात प्राध्यापक वर्गात मान न वळवता शिकवीत होते. मुलांना वाटले, सर आपल्यावर रागावले आहेत. आडव्या पाठीने बसायचे तर मान सतत वर उचललेली राहते. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जी अचाट शर्यत असते — नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली आळीपाळीने सायकल चालवून ते सुमारे ४,८०० किलोमीटर नऊ दिवसांच्या आत पार केले — त्या शर्यतीत कित्येकांची मान शेवटी शेवटी उभीच राहत नाही, हनुवटीला टेकू द्यावा लागतो. आमच्या प्राध्यापकांना सुरुवातीला वीस मिनिटांच्या वर तसे बसवत नव्हते. शिवाय मध्यमवर्गीय पोट गुडघ्यांच्या वाटेत येते. पोट दाबले की श्वास अपुरा पडतो, आणि दोन दिव्यांपैकी एक मंद होतो. फळ्यावरच्या गणितात पोटाला जागा नव्हती. मग त्यांनी गाद्या थोड्या उंच करून घेतल्या, दोन-तीन मिनिटांवर पाणी सोडले, आणि बैठक जमू लागली. मिनिटे जाहिरातीतल्या वाकण्याची मोजायची नसतात, तीन तास निभेल त्या वाकण्याची मोजायची असतात, हे त्यांचेच म्हणणे आणि मला ते पटते.

रस्त्याचीही एक बाजू आहे. सुरतेहून नागपूरकडे जाणारा हा महामार्ग आता पुष्कळ रुंद आणि गुळगुळीत झाला असला, तरी त्यावर ट्रकांचे राज्य आहे. ट्रक शेजारून गेला की आधी हवा ढकलते आणि मग ओढून घेते. कोपरांवर भार टाकून बसलेल्या माणसाचा सायकलीवरचा ताबा अशा वेळी कमी असतो. रुंद कडांची महागडी चाके असतील तर आडवा वारा त्यांना शिडासारखा धरतो. ब्रेकही त्या दांड्यांवर नसतो. हात उचलून पुन्हा हँडलवर न्यावा लागतो. मोकळ्या, बंद केलेल्या शर्यतीच्या रस्त्यावर ठीक आहे. पाळधीच्या बाजारात मात्र कुणी साष्टांग नमस्काराच्या स्थितीत शिरू नये. प्राध्यापक गाव आले की सरळ बसतात, गाव संपले की वाकतात.

उष्णतेबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण ती जळगावकरांच्या अभिमानाची आहे. हवा तापली की विरळ होते. २० अंशांच्या हवेपेक्षा आमची मे महिन्यातली ४५ अंशांची हवा सुमारे आठ टक्क्यांनी हलकी, म्हणून तेवढा तिचा अडथळाही कमी. मर्क्स हलक्या हवेसाठी मेक्सिकोच्या उंचीवर गेला होता. आम्हाला ती घरबसल्या मिळते. तिचा उपयोग करून घ्यायला त्या उन्हात कुणी जिवंत राहत नाही, एवढीच अडचण.

आता खरा वारा. तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले, पश्चिमेला समुद्राकडे उघडे. उन्हाळ्याच्या अखेरीस त्या दिशेने वारा घुसतो तो रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करीत येतो. त्यासाठी शेतकरी बागेभोवती शेवरीचे कुंपण करतात. जळगावहून धुळ्याकडे जायचे म्हणजे हा वारा तोंडावर घ्यायचा. फळ्यावर त्याचेही गणित झाले होते. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल तर एकशेवीस वॅटच्या गृहस्थांना ९० किलोमीटरला नेहमीच्या बैठकीत ५ तास २३ मिनिटे लागतील, दांड्यांवर वाकून ४ तास ४७. पडलेल्या वाऱ्यात चौदा मिनिटे वाचवणारी तीच बैठक इथे छत्तीस मिनिटे वाचवते.

हे ऐकताना मला माझे वडील आठवले. नाना धुळ्याहून दहा-बारा किलोमीटरवर फागण्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि काळ्या ॲटलस सायकलीवरून जात-येत असत. जाताना पूर्वेकडे, वारा पाठीशी. चाळीस मिनिटांत शाळा. संध्याकाळी तोच वारा छातीवर, सव्वा तास. मला कधी पुढच्या दांडीवर बसवून नेत. येताना ते सदरा विजारीत खोचीत, पायाला क्लिप लावीत, दोन्ही कोपरे हँडलवर टेकून माझ्या डोक्यावर झुकत आणि म्हणत, “वारा समोर शे तं डोकं खाले, मांगे शे तं छाती पुढे.” सकाळी पाठीशी वारा जोराचा असला की ते खरोखरच कोटाची बटणे सोडून ताठ बसत. आगऱ्या रस्त्यावर बाजारहून परतणारे दूधवाले, भाजीवाले सगळेच असे कोपरांवर वाकलेले मी पाहिले आहेत. लेमाँडच्या दांड्या त्यांच्यापैकी कुणाला दाखवल्या असत्या तर त्याला नवल एवढेच वाटले असते की गादी आपल्याला कशी सुचली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, प्राध्यापकांनी धुळ्यापर्यंत परीक्षा घ्यायचे ठरवले. मी आदल्या दिवशीच एस. टी. ने नानांकडे गेलो. सकाळी साडेपाचला ते जळगावहून निघाले. पारोळ्यापर्यंत वारा निजलेला होता, पुढे त्याने जोर धरला. नाना ब्याऐंशीच्या घरात आहेत. ते नऊ वाजल्यापासून ओट्यावर बसून समोरच्या कडुनिंबाची पाने पाहत होते आणि दर दहा मिनिटांनी “अजून तासभर धर” असे मला सांगत होते. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी प्राध्यापक गल्लीत शिरले. पाच तास पाच मिनिटे. फळ्यावरच्या उत्तरापेक्षा अठरा मिनिटे जास्त, कारण मधले काही किलोमीटर मानेने वाकू दिले नव्हते. पण सरळ बैठकीच्या उत्तरापेक्षा अठरा मिनिटे कमी. त्यांनी हे लगेच वहिनींना फोनवर कळवले.

आंघोळ झाली, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली. दुपारी नानांनी सायकल ओट्यापाशी आणवली. प्राध्यापकांना ती घट्ट धरायला सांगितली, हळूच दोन्ही कोपरे गाद्यांवर टेकली, हात पुढे जोडले, आणि मान वर करून गल्लीच्या टोकाकडे बराच वेळ पाहिले.

“गादी चांगली आहे, सर,” ते म्हणाले. “पण यातून समोरची म्हैस दिसते का?”

“दिसते,” प्राध्यापक म्हणाले, “जरा उशिरा.”